सीक्यूआय रिपोर्ट आणि बीमफॉर्मिंग रिपोर्ट: फ्रेम एकच, काम वेगळं

कॉलेज रोडच्या अभ्यासिकांपासून गंगापूर रोडच्या लॉन्सपर्यंत नाशकात आता वायफाय सिक्सची कामं होतायत आणि ती करणाऱ्या पोरांशी बोललं की एक घोळ हमखास दिसतो, फोन राउटरला "चॅनल फीडबॅक" देतो म्हणजे एकच काहीतरी देतो असं धरून चालतात. तसं नाहीये. फीडबॅक दोन जातींचा असतो, बीमफॉर्मिंग रिपोर्ट (सिग्नल फोनकडे नेमका वळवायला लागणारी माहिती) आणि सीक्यूआय रिपोर्ट (चॅनल क्वालिटी, म्हणजे बँडच्या कुठल्या भागात सिग्नल किती चांगला), आणि कुठला कशासाठी हे कळलं नाही तर स्पीड का पडला याचा शोध भलत्याच दिशेला जातो.

घोळ होण्यात पोरांची चूक नाही खरं तर. ८०२.११एएक्स, म्हणजे वायफाय सिक्सच्याच स्टँडर्डमध्ये दोन्ही रिपोर्ट एकाच नावाच्या फ्रेममधून (हवेतून जाणाऱ्या पॅकेटमधून) येतात, एचई कंप्रेस्ड बीमफॉर्मिंग/सीक्यूआय. वायरशार्कमध्ये (पकडलेले पॅकेट उलगडून दाखवणारं सॉफ्टवेअर) कॅप्चर उघडून त्या फ्रेममधलं मायमो (अनेक अँटेनांचं तंत्र) कंट्रोल फील्ड बघा, तिथे फीडबॅक टाइप दिसेल: ० म्हणजे एका युजरचं बीमफॉर्मिंग, १ म्हणजे अनेक युजरचं, २ म्हणजे सीक्यूआय. एवढ्या एका आकड्यावर पुढचा सगळा अर्थ बदलतो.

सुरुवातही दोघांची सारखीच. ॲक्सेस पॉइंट (राउटरच म्हणा) आधी "आता मोजणी आहे" अशी अनाउन्समेंट पाठवतो, ५ गिगाहर्ट्झवर १६ मायक्रोसेकंदांनी डेटा नसलेलं, नुसत्या ट्रेनिंग सिम्बॉलचं पॅकेट सोडतो, फोन त्यावरून चॅनल मोजतो. मोजलेलं परत काय पाठवायचं, फरक तिथे पडतो.

बीमफॉर्मिंग रिपोर्टमध्ये फोन सांगतो की तुझ्या कुठल्या अँटेनाने किती फेज (लहर किती पुढे-मागे) आणि किती जोर लावला तर सिग्नल माझ्याकडे नीट जुळून येईल. हे फ्रिक्वेन्सीच्या ठरावीक अंतरावरच्या प्रत्येक टोनसाठी (बँड ज्या बारीक फ्रिक्वेन्सींत वाटलेला असतो त्यातली एक) सांगावं लागतं आणि आकड्यांचं पूर्ण कोष्टक, म्हणजे मॅट्रिक्स, पाठवणं परवडत नाही म्हणून ती कोनांमध्ये दाबून पाठवतात. ४ अँटेनाचा ॲक्सेस पॉइंट आणि २ स्ट्रीम (एकाच वेळी जाणारे डेटाचे प्रवाह) असतील तर प्रत्येक टोनला १० कोन. त्यातल्या ५ कोनांना ६ बिट, ५ कोनांना ४ बिट, झाले ५० बिट. ८० मेगाहर्ट्झमध्ये दर चौथा टोन घेतला तर २५० जागा, म्हणजे १२,५०० बिट, साधारण १,५६० बाइट, तेही एका फोनचे. मल्टी-युजरसाठी (वरचा टाइप १) बारीक कोन लागतात, ९ आणि ७ बिटवाले, मग नुसत्या कोनांचेच २,५०० बाइट होतात आणि वर प्रत्येक टोनच्या एसएनआरमधला (सिग्नल गोंगाटापेक्षा किती वर आहे त्यातला) फरक पाठवायचा तो वेगळाच.

सीक्यूआय रिपोर्टमध्ये फेज नाही, कोन नाहीत. ८० मेगाहर्ट्झचे २६-२६ टोनचे ३७ तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याचा सरासरी एसएनआर सांगायचा, बास. लासलगावला व्यापारी ट्रॉलीतला कांदा हातात घेऊन सगळ्या मालाचा भाव बोलतो तसं, दोनेक मेगाहर्ट्झच्या तुकड्याला एकच आकडा. आकड्याला अख्खा बाइट धरला तरी दोन स्ट्रीमचे ७४ बाइट. कुठे ७४ आणि कुठे १,५६०!

मोबाइल टॉवरवर काम केलेल्यांनी एक लक्षात ठेवा, एलटीईमधला (४जी) सीक्यूआय ० ते १५ असा इंडेक्स असतो, इथे तसा इंडेक्स नाही, डेसिबलमधला एसएनआर आहे. आणि फोनवरच्या काड्या या दोन्हींपैकी काहीच नाहीत.

आता वापर. अभ्यासिकेत पंचवीस-तीस जण बसलेत, बहुतेकांचे छोटे छोटे पॅकेट, तर ॲक्सेस पॉइंटला ओएफडीएमएमध्ये (एकाच वेळी बँडचे तुकडे अनेकांना वाटून देण्याची पद्धत) कुणाला बँडचा कुठला तुकडा द्यायचा एवढंच ठरवायचं असतं. कोपऱ्यातल्या फोनला बँडच्या खालच्या भागात खड्डा पडला असेल तर त्याला वरचा तुकडा द्या. एवढ्या कामाला सीक्यूआय पुरतो आणि प्रत्येकाकडून दीड हजार बाइट मागवणं हा एअरटाइमचा, म्हणजे हवेतल्या वेळेचा, सरळ नास आहे. पण चार लॅपटॉपना एकाच वेळी, एकाच फ्रिक्वेन्सीवर वेगवेगळा डेटा द्यायचा असेल (मल्टी-युजर मायमो) तर एसएनआर कितीही अचूक असला तरी उपयोग नाही, फेज लागतेच. मल्टी-युजर रिपोर्टमधून तुकड्यांचा एसएनआर काढता येतो, सीक्यूआयवरून कोन काही केल्या निघत नाहीत.

शिळेपणाचा फटकाही वेगळा. ५ गिगाहर्ट्झला तरंगलांबी साडेपाच सेंटीमीटरच्या आसपास, त्यामुळे फोन दोन-तीन सेंटीमीटर सरकला तरी चित्र बदलतं. जुना सीक्यूआय वापरला तर तुकडा थोडा कमी चांगला मिळेल, रेट उतरेल. जुना मल्टी-युजर रिपोर्ट वापरला तर एकाचा सिग्नल दुसऱ्याच्या अंगावर जातो आणि सगळ्यांचेच पॅकेट पडतात. लॉन्सवर लग्नात माणसं फिरतायत आणि मल्टी-युजर मायमोवर भिस्त ठेवलीये, हे मला तरी पटत नाही.

बीमफॉर्मिंग रिपोर्ट हलका करायचा तर दर चौथ्याऐवजी दर सोळावा टोन घेता येतो, २५० च्या जागी ६४, म्हणजे ४०० बाइट. छोट्या खोलीत चालून जातं. सातपूर-अंबडच्या पत्र्याच्या शेडमध्ये मात्र सिग्नल भिंती-मशिनींवर आपटून उशिराउशिरा येतो, त्यामुळे चॅनल सव्वा मेगाहर्ट्झच्या आतच बदलू शकतो आणि मधले टोन अंदाजाने भरले की चुका होतात, तिथे दर चौथा टोनच ठेवा.

राउटरच्या सेटिंगमध्ये बीमफॉर्मिंगचं बटण असतं, सीक्यूआयचं सहसा नसतं, ते चिपसेटच ठरवतो. पण फोनला जमतं की नाही हे बघता येतं. फोन जोडणी मागताना पाठवतो त्या असोसिएशन रिक्वेस्टमध्ये एचई फाय कॅपेबिलिटीज उघडा, तिथे ट्रिगर्ड सीक्यूआय फीडबॅक आणि नॉन-ट्रिगर्ड सीक्यूआय फीडबॅक असे दोन बिट आहेत. दोन्ही ० दिसले तर त्या फोनच्या कॅप्चरमध्ये टाइप २ शोधत बसू नका.