बिनधास्त

बिनधास्त (विशेषण व क्रियाविशेषण) : मनात धास्ती न ठेवता, बेलाशक. मूळ शब्द फारसीतून आलेला ‘दहशत’. मराठी तोंडी त्याचे ‘धास्त’, ‘धास्ती’ झाले. त्याला ‘बिन’ जोडून बिनधास्त झाला आणि संस्कृत ‘निर्’ जोडून निर्धास्त. घडण सारखी असली तरी हे दोन शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. लिहिणाऱ्यांची चूक बहुतेक इथेच होते.

निर्धास्त म्हणजे भिण्याचे कारणच उरलेले नाही असा. कोल्हापुरात पावसाळाभर राजाराम बंधाऱ्यावरच्या पंचगंगेच्या पातळीकडे लोकांचे डोळे असतात : ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. पाणी ३० फुटांवर येऊन उतरतच असेल, तर नदीकाठचे घर निर्धास्त झोपते. ४१ फुटांवर पाणी चढत असताना घर न सोडणाऱ्याला लोक बिनधास्त म्हणतील, पण ते कौतुक नसते.

कौतुकाचा अर्थ ऐकावा तालमीत. ‘बिनधास्त पटात घूस’ (पट म्हणजे समोरच्याचा पाय धरण्याचा डाव) असे वस्ताद पोराला सांगतात तेव्हा समोरच्याची ताकद कमी झालेली नसते, डाव उलटायची शक्यताही तशीच असते. बिचकत घुसणाऱ्याचा हात पायापर्यंत पोचत नाही. समोरचा पाय मागे टाकून त्याच्या पाठीवर वजन देतो आणि डाव तिथेच मोडतो. धोका डोळ्यांसमोर ठेवून भीती तेवढी सोडायची, असा हा बिनधास्त. ज्याला धोका दिसलाच नाही तो गाफील, आणि वस्तादांचा राग सगळ्यात जास्त त्याच्यावर.

बोलताना शेवटचा ‘त’ पुष्कळदा गळतो : ‘बिनधास जा की!’ झोपेसाठी मात्र खेड्यापाड्यात ‘बिनघोर’ हाच शब्द चपखल आहे.

लिंग-वचनाने शब्द बदलत नाही : बिनधास्त मुलगा, बिनधास्त मुली. नाम बिनधास्तपणा. ‘बिंधास्त’, ‘बिनदास्त’ ही रूपे लेखनात टाळावीत. मुलीला हे विशेषण लावताना सूर सांभाळावा लागतो; स्थळ पाहण्याच्या बोलण्यात ते ‘कुणाला न जुमानणारी’ अशा टोमण्यासारखे वापरले जाते, आणि तो वापर अन्यायाचा आहे. गंभीर लेखनात तिथे ‘निर्भय’ लिहावे. संस्कृत असल्यामुळे त्याचे स्त्रीलिंगी रूप होते. पोलिसांच्या ‘निर्भया पथका’च्या नावात तेच आहे.