केल्मस्कॉट मॅनर

केल्मस्कॉट मॅनर : इंग्लंडमधील ऑक्सफर्डशर परगण्याच्या पश्चिम टोकाला, टेम्स नदीच्या वरच्या अंगाला केल्मस्कॉट नावाचे छोटे खेडे आहे. तेथील हे दगडी घर टर्नर नावाच्या सधन शेतकरी कुटुंबाने १६०० च्या आगेमागे बांधले. ‘मॅनर’ हे नाव त्याला एकोणिसाव्या शतकात चिकटले. मुळात ही कुणा सरदाराची हवेली नव्हे, शेतकऱ्याचे घर आहे. ते कोणा नामांकित वास्तुकाराने आखलेले नाही. गवंडी, सुतार आणि छपरे शाकारणारे गावोगावचे कारागीर यांच्या हाताला जे वळण होते, त्या वळणाने ते उभे राहिले. त्याचे खरे मोठेपण यातच आहे. कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिस (१८३४–९६) यांनी १८७१ मध्ये ते चित्रकार दान्ते गेब्रिएल रोसेटी यांच्यासह भाड्याने घेतले. रोसेटी १८७४ मध्ये निघून गेले. मॉरिस यांनी मात्र अखेरपर्यंत घर सोडले नाही. आज ते पहिल्या श्रेणीची संरक्षित वास्तू आहे.

घराचा दगड म्हणजे कोट्सवोल्ड टेकड्यांच्या परिसरात मिळणारा चुनखडक. जुरासिक काळातील उथळ समुद्रात तो तयार झाला. त्याच्या काही जाती जवळून पाहिल्या तर माशाच्या गाबोळीसारखे बारीक गोल कण एकमेकांना चिकटलेले दिसतात. भिंती अनघड दगडांच्या, थर धरून चुन्यात रचलेल्या आहेत. घडीव दगड फक्त कोपऱ्यांना आणि खिडक्यांना. खिडक्यांचे उभे दांडेसुद्धा दगडाचेच आहेत. भिंती वर जाताना किंचित आत कलतात. हा कल सहज ध्यानात येत नाही, पण घर जमिनीत घट्ट रोवल्यासारखे वाटते ते त्यामुळेच.

सगळ्यात जास्त वेळ पाहत राहावे असे आहे ते छप्पर. त्यावर मातीची कौले नसून पातळ दगडी पाट्या आहेत. कोट्सवोल्डच्या काही भागांत अशा पाट्या काढण्याची रीत विलक्षण होती. स्टोन्सफील्ड गावी खाणीतला ओला दगड हिवाळ्यात उघड्यावर मांडत, कडाक्याच्या थंडीत आतल्या पाण्याचे बर्फ होई आणि दगड थराथरांनी सुटे. म्हणजे निम्मे काम गोठणारे पाणी करी. पाटीच्या वरच्या कडेला भोक पाडून त्यात ओकची खुंटी ठोकायची आणि ती खुंटी रिपेवर अडकवायची. खाणीतून एका मापाच्या पाट्या कधीच येत नाहीत. म्हणून कारागीर त्या मापांनुसार निवडून मोठ्या पाट्या वळचणीला लावत आणि आढ्याकडे जाताना एकेक थर लहान करत नेत. वळचणीकडे पाण्याचा लोंढा वाढत जातो, तिथे रुंद पाट्यांमुळे सांधे कमी येतात; शिवाय सर्वांत जड पाट्यांचा भार थेट भिंतीवर पडतो आणि लहान तुकडाही वाया जात नाही. या सोयीतूनच माशाच्या खवल्यांसारखी ती रचना तयार झाली. मॉरिस यांचा या छपरावर जीव होता, आणि ते पाहिल्यावर त्याचे नवल वाटत नाही.

आतली मांडणी जुन्या वळणाची आहे. दारातून आत येताच लाकडी पडदीच्या आडोशाची आडवी वाट लागते आणि तिच्यातून दिवाणखाना व इतर खोल्यांत शिरता येते. वरच्या मजल्यावर मात्र एका खोलीतून दुसरीत जावे लागते. स्वतंत्र बोळ काढण्याची पद्धत इंग्लंडच्या घरांत नंतर रुळली. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ईशान्येला नवी बाजू जोडली गेली. तोवर टर्नर कुटुंबाची भरभराट झाली होती. पांढऱ्या रंगाच्या लाकडी तक्तपोशीची खोली आणि कोरीव दगडी फायरप्लेसवरचे घराण्याचे मानचिन्ह यांतून ती दिसते. वरच्या खोलीत बायबलमधील सॅमसनच्या कथेची विणलेली चित्रवस्त्रे आहेत. मॉरिस आले तेव्हा ती तिथे होतीच. त्याच्याही वर माळा. तिथे छपराचे वाकडेतिकडे वासे आणि तुळया उघड्या दिसतात, आणि घराचा सांगाडा तिथेच खरा कळतो.

या घराने मॉरिस यांना जे शिकवले त्याचा परिणाम सगळ्या इंग्लंडवर झाला. त्या काळी ‘जीर्णोद्धार’ म्हणून जुन्या चर्चच्या भिंती खरवडून नव्यासारख्या करण्याची लाट होती. केल्मस्कॉटजवळच्या बर्फर्ड येथील चर्चचे असे काम १८७६ मध्ये पाहून मॉरिस संतापले, आणि १८७७ मध्ये त्यांनी प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली. तिचे म्हणणे साधे होते : गळती वेळीच थांबवा, मोडले तेवढेच दुरुस्त करा, शतकांच्या खुणा पुसू नका. हा विचार बांधकामाच्या सामानालाही लागू पडतो. दगडांमधले चुन्याने भरलेले सांधे भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतात. त्यांत सिमेंट भरले की ओल आत कोंडते आणि थंडीत दगडाचे पापुद्रे निघू लागतात. जुन्या घरांचे असे नुकसान चांगल्या हेतूनेच फार झाले आहे.

कायद्याचे संरक्षण बरेच उशिरा आले. संरक्षित वास्तूंच्या आजच्या यादीची पद्धत १९४७ च्या नगररचना कायद्यातून पक्की झाली. यादीतील जेमतेम अडीच टक्के वास्तू पहिल्या श्रेणीत मोडतात. संरक्षण दर्शनी भागापुरते नसते; घराचे स्वरूप बदलणारे काम आत असो की बाहेर, परवानगीशिवाय करणे हा गुन्हा ठरतो.

मॉरिस यांच्या पत्नी जेन यांनी १९१३ मध्ये घर विकत घेतले. कन्या मे, ज्या स्वतः नामवंत भरतकाम कलावंत होत्या, १९३८ मध्ये निधन होईपर्यंत तिथे राहिल्या. त्यांनी ते ऑक्सफर्ड विद्यापीठाला दिले आणि १९६२ मध्ये ते लंडनच्या सोसायटी ऑफ अँटिक्वेरीज या पुरातन वास्तू-वस्तूंचा अभ्यास करणाऱ्या संस्थेकडे आले. लवकरच वास्तुकार डोनाल्ड इन्सॉल यांच्या देखरेखीखाली मोठी दुरुस्ती झाली. अलीकडच्या दुरुस्तीनंतर २०२२ मध्ये घर पुन्हा लोकांना खुले झाले.

मॉरिस यांची कबर गावातल्याच सेंट जॉर्ज चर्चच्या आवारात आहे. तिचा दगड त्यांचे मित्र, वास्तुकार फिलिप वेब यांनी आखला : मधे आढे आणि दोन्ही बाजूंना उतार, एखाद्या घराच्या छपरासारखा.