वासरांचे लसीकरण

ठरावीक वयात लस टोचून वासरांना लाळ्या खुरकूत (तोंडात आणि खुरांत फोड आणणारा रोग), घटसर्प (जनावरांचा गळा सुजवणारा रोग), फऱ्या (स्नायू सुजवणारा रोग) आणि सांसर्गिक गर्भपात (ब्रुसेलोसिस) यांपासून वाचवण्याची पद्धत.

गाईची प्रतिपिंडे (रोगाशी लढणारी रक्तातली प्रथिने) वारेतून गर्भापर्यंत पोहोचत नाहीत. वासराला ती चिकातूनच, म्हणजे व्यायल्यानंतरच्या पहिल्या घट्ट दुधातूनच मिळतात, आणि आतड्याची ती शोषण्याची ताकद जन्मानंतर 6 तासांनी झपाट्याने घटून 24 तासांत संपते. त्यामुळे 30 किलोच्या वासराला पहिल्या दिवशी सुमारे 3 लिटर चीक लागतो. त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांतच पाजावा, वार पडेपर्यंत थांबू नये. चीक चुकलेल्या वासराची ही उणीव पुढे कोणतीही लस भरून काढत नाही.

गंमत अशी, की हीच प्रतिपिंडे पुढे लसीच्या आड येतात. ती अंगात असताना टोचलेली लस निकामी होते. म्हणून लाळ्या खुरकूतची पहिली मात्रा चौथ्या महिन्यात, दुसरी त्यानंतर महिन्याने आणि मग दर सहा महिन्यांनी देतात. दुसरी मात्रा चुकली तर पहिलीचा परिणाम लवकर ओसरतो. लाळ्या खुरकूतच्या विषाणूचे सात प्रकार आहेत आणि एकाची लस दुसऱ्यावर चालत नाही, त्यामुळे परिसरात फिरणारा प्रकार लसीत असावा लागतो.

घटसर्प आणि फऱ्याची लस सहा महिन्यांपुढे, दरवर्षी पावसाच्या तोंडावर नव्हे, तर काही आठवडे आधी देतात, कारण प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. फऱ्या बहुधा सहा महिने ते दोन वर्षांच्या, चांगल्या पोसलेल्या जनावरांना गाठतो. मांडीवरची किंवा खांद्यावरची सूज दाबली की चरचर आवाज येतो.

सांसर्गिक गर्भपाताची लस फक्त कालवडींना, 4 ते 8 महिन्यांच्या वयात, एकदाच. ती जिवंत जंतूंची असल्याने गोऱ्ह्यांना (नर वासरांना) किंवा गाभण जनावरांना देत नाहीत. सुई चुकून हाताला लागली किंवा थेंब डोळ्यात उडाला तर माणसालाही रोग होऊ शकतो, म्हणून हातमोजे आणि चष्मा हवाच.

लस 2 ते 8 अंश सेल्सियसमध्ये ठेवतात. उन्हाइतकाच बर्फही घातक असतो: कुपी बर्फाला थेट टेकली आणि लाळ्या खुरकूतची लस गोठली, तर ती फेकून द्यावी. जिवंत लस टोचताना स्पिरिट कातडीवर पूर्ण वाळू द्यावे. द्रावणात विरघळवलेली लस उरली तर दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. प्रत्येक जनावराला नवी सुई वापरावी.

जंतांनी पोखरलेले वासरू लसीला नीट प्रतिसाद देत नाही. मोठे गोलकृमी आईच्या दुधातून येतात, म्हणून पहिले जंतनाशक 10 ते 14 दिवसांच्या वयात, नंतर सहा महिन्यांपर्यंत दरमहा. ताप किंवा हगवण असताना टोचू नये. टोचलेल्या जागी गाठ आणि एक-दोन दिवस सौम्य ताप नेहमीचाच. पण काही मिनिटांत धाप लागून वासरू कोसळले, तर तातडीने अॅड्रेनलिन (तीव्र अॅलर्जीवरचे इंजेक्शन) द्यावे लागते.