दहन झालेल्या मानवी अस्थींचा पुरातत्त्वीय अभ्यास

चितेत जळून उरलेल्या आणि नंतर खड्ड्यात, कुंभात किंवा चितेच्या जागीच राहिलेल्या मानवी अस्थींवरून मृत व्यक्तीचे वय, लिंग, आजार व वास्तव्य, तसेच दहनाची आणि अस्थी सावडण्याची रीत यांचा शोध घेणारी अभ्यासशाखा. जळालेल्या हाडातून काही कळत नाही, असा समज विसाव्या शतकात दीर्घकाळ होता आणि त्याने या विषयाचे मोठे नुकसान केले.

हाडाचा रंग ही पहिली नोंद. सुमारे ३०० ते ४०० अंश सेल्सिअसला हाडातील कोलॅजन हे तंतुमय प्रथिन करपून हाड तपकिरी, मग काळे होते; ५०० ते ६०० अंशांच्या आसपास राखाडी-निळे दिसते; साधारण ७०० अंशांपुढे सेंद्रिय भाग पूर्ण जळून ते पांढरे होते. याच टप्प्यावर उरलेल्या खनिजाचे स्फटिक मोठे होतात आणि हाड आक्रसते. आक्रसण्याचे प्रमाण १० ते १५ टक्क्यांपर्यंत, क्वचित त्याहूनही अधिक असते. त्यामुळे लांबी-रुंदीच्या मापांवरून लिंग ठरवणे धोक्याचे ठरते. मांस असलेल्या शरीराचे दहन झाले असेल, तर लांब हाडांवर नखाच्या आकाराच्या वक्र आडव्या भेगा पडतात आणि हाड वाकते. एकाच अस्थिसंचात पांढरे व काळे हाड मिसळलेले असते, कारण राखेत बुडालेल्या किंवा शरीराखाली दबलेल्या भागाला हवा कमी मिळते. म्हणून रंग नोंदवताना तो कोणत्या हाडाचा आणि आतला की बाहेरचा, हेही लिहावे लागते.

कुंभ जागेवर रिकामा करू नये. बाहेरून क्रेप बँडेज गुंडाळून तो आतल्या मातीसह उचलतात, शक्य असल्यास सीटी स्कॅन करतात आणि प्रयोगशाळेत दोन-दोन सेंटिमीटरच्या थरांनी उपसतात. प्रत्येक थराची पिशवी वेगळी. तळाशी पायाची आणि वर कवटीची हाडे मिळाली, तर ती क्रमाने सावडून भरली असावीत असे म्हणता येते. थर एकत्र झाले की हा पुरावा कायमचा जातो. खड्ड्यातील सगळी माती घेऊन १०, ५ आणि २ मिलिमीटरच्या चाळण्यांतून पाण्याने हलकेच चाळतात व सावलीत वाळवतात. ब्रशने घासू नये. पांढरे हाड चिनी मातीसारखे ठिसूळ असते आणि उत्खनन व चाळणी यांतही त्याचे आणखी तुकडे होतात. हाड घट्ट करणारी रसायने लावल्यास पुढचे रासायनिक विश्लेषण बिघडते.

चाळणीनिहाय वजन ०.१ ग्रॅमपर्यंत घेतात. ब्रिटनमधील आधुनिक दाहगृहांतील प्रौढांच्या अस्थी, २ मिलिमीटरखालचा चुरा वगळता, सुमारे १,००० ते २,४०० ग्रॅम भरल्या. प्राचीन अस्थिसंच बहुधा याहून हलके असतात: सगळी हाडे सावडलीच नव्हती, किंवा नांगराने वरचा भाग नेला. नुसत्या वजनावरून माणसे मोजू नयेत. एका माणसात एकदाच असणारे हाड दोनदा मिळाले, किंवा लहान मुलाचा आणि प्रौढाचा भाग सोबत सापडला, तरच दोन व्यक्ती म्हणाव्यात. कानाच्या आतला, शंखास्थीचा (कवटीच्या बाजूच्या हाडाचा) दगडासारखा कठीण भाग यासाठी सर्वांत भरवशाचा, कारण तो आगीत टिकतो. दातांचे उगवलेले शिखर उष्णतेने तडकून विखुरते. मुळे आणि जबड्यातच असलेले न उगवलेले दात मात्र टिकतात, म्हणून मुलांचे वय अनेकदा बारकाईने सांगता येते. पांढऱ्या हाडात डीएनए मात्र सहसा उरत नाही.

कोलॅजन जळून गेल्यामुळे अशा हाडांचे रेडिओकार्बन कालमापन (उरलेल्या किरणोत्सारी कार्बनवरून काळ ठरवणे) पूर्वी होत नसे. २००१ मध्ये लांटिंग व सहकाऱ्यांनी हाडाच्या खनिजातील कार्बोनेटवरून ते करून दाखवले. नमुना पूर्ण पांढराच हवा. काळ्या हाडात मातीतील कार्बन शिरलेला असू शकतो. शिवाय जळताना सरपणाचा कार्बन हाडात मिसळतो, त्यामुळे जुन्या झाडाचे लाकूड वापरले असल्यास काळ खऱ्याहून मागे जातो. अन्नपाण्यातून हाडात येणाऱ्या आणि वास्तव्याचा प्रदेश सुचवणाऱ्या स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याला ही अडचण फारशी नाही, आणि पांढऱ्या हाडाचे स्फटिक मातीतही तो नीट राखतात.

इंग्लंडमधील स्टोनहेंज हे प्रागैतिहासिक शिलावर्तुळ याचे ठळक उदाहरण. विल्यम हॉली यांनी १९१९ ते १९२६ दरम्यान काढलेल्या जळालेल्या अस्थी १९३५ मध्ये तिथल्या वर्तुळाकार रांगेतील ‘ऑब्रे’ खड्ड्यांपैकी क्रमांक ७ मध्ये एकत्र पुरल्या गेल्या; कोणती अस्थी कोणत्या खड्ड्यातली, हे त्यात हरवले. २००८ मध्ये त्या पुन्हा काढल्या. २०१८ मध्ये २५ व्यक्तींच्या कवटीच्या मागच्या हाडांतील स्ट्रॉन्शियम तपासला, तेव्हा त्यांतील १० जणांनी आयुष्याची अखेरची वर्षे तिथल्या खडूच्या खडकाच्या प्रदेशात काढली नव्हती, असे दिसले. काहींची मूल्ये पश्चिम वेल्सशी जुळतात.

महाराष्ट्रात कुंभ मिळाला की दहन झाले, असे धरून चालत नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केलेल्या इनामगाव येथील ताम्रपाषाणयुगीन मुलांची दफने कुंभांत आहेत, पण ती न जळालेल्या देहांची. उलट, तिसऱ्या दिवशी सावडून पाण्यात विसर्जन करण्याच्या रूढीत पुरण्यासाठी अस्थीच उरत नाहीत. तिथे भाजून लाल झालेली जमीन, कोळसा आणि सावडताना निसटलेली बोटांची हाडे व दातांची मुळे शोधावी लागतात, आणि त्यासाठी २ मिलिमीटरची चाळणी लागतेच.