'होलसम'मधला डब्ल्यू: इंग्रजी स्पेलिंगच्या चुका कुठून आल्या

नोव्हेंबर 1750 मध्ये इंग्रज उमराव लॉर्ड चेस्टरफील्ड यांनी आपल्या मुलाला पत्रातून बजावले, की स्पेलिंगची एक चूकसुद्धा सभ्य माणसाला जन्मभर हास्यास्पद करून ठेवते. दाखला दिला तो एका खानदानी गृहस्थाचा. त्याने 'होलसम', म्हणजे आरोग्याला हितकर, हा शब्द डब्ल्यूशिवाय लिहिला आणि ती नाचक्की त्याला कधीच पुसता आली नाही.

पण हा डब्ल्यू मुळात त्या शब्दाचा नव्हताच. जुन्या इंग्रजीत 'हाल' म्हणजे धडधाकट, शाबूत. 'हील' आणि 'हेल्थ' त्याच कुळातले, त्यांत डब्ल्यू कुठेही नाही. 'होल', म्हणजे संपूर्ण, यात तो पंधराव्या शतकाच्या सुमारास लिहिता लिहिता शिरला. स्पेलिंग नेहमी चुकते अशा जागा तपासल्या, तर बऱ्याच ठिकाणी असेच एखादे मागाहून आलेले अक्षर सापडते.

1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, त्यानंतर फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी इंग्रजी शब्द आपल्या पद्धतीने लिहायला घेतले. 'क्वीन' पूर्वी सी-डब्ल्यूने सुरू होई, त्यांनी तिथे क्यू-यू आणले. 1476 मध्ये विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला. छपाई तो युरोपात शिकून आला होता. 'घोस्ट'मधला मुका एच त्याच्या छापखान्यातल्या फ्लेमिश, म्हणजे आजच्या बेल्जियमकडच्या भाषेच्या, वळणामुळे आला, असे मानले जाते.

खरा घोळ झाला तो वेळेचा. छापील अक्षर स्थिर होऊ लागले, नेमक्या त्याच काळात बोलणे पालटत होते. साधारण 1400 ते 1700 या तीनशे वर्षांत इंग्रजीतले दीर्घ स्वर जागचे हलले. 'नेम' हा शब्द आधी जवळपास 'नामं' असा ऐकू येई. 'नाइट', म्हणजे सरदार, यातला सुरुवातीचा के आणि मधला जी-एच ही सगळी अक्षरे एके काळी तोंडाने म्हटली जात. आवाज गेले, अक्षरे कागदावर राहिली.

त्यात विद्वानांनी भर घातली, आणि माझ्या मते सर्वांत जास्त त्रास त्यांनीच दिला. कर्जासाठीचा 'डेट' हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात बी नव्हता. लॅटिन 'डेबिटुम'शी नाते दिसावे म्हणून तो घातला. 'डाउट'मधला बी आणि 'रिसीट'मधला पी यांचेही तेच. 'आयलंड'मध्ये तर नातेच चुकीचे जोडले. शब्द अस्सल इंग्रजी, पण 'आइल' या फ्रेंच शब्दाशी गल्लत होऊन त्याला एस चिकटला. 'कुड'मधला एल तर निव्वळ शेजाऱ्यांचे पाहून आला. 'वुड' आणि 'शुड' यांत तो 'विल' आणि 'शॅल'मुळे हक्काचा आहे, 'कॅन'मध्ये एल आहेच कुठे?

तरीही फार काळ कुणी कुणाला चुकीबद्दल टोकत नव्हते. शेक्सपिअरच्या उरलेल्या सहा सह्यांत त्याच्या स्वतःच्या नावाचे स्पेलिंग एकसारखे नाही. 1604 मध्ये रॉबर्ट कॉड्रीने अवघड शब्दांचा कोश काढला, त्याच्या मुखपृष्ठावर 'वर्ड्‌स' हा शब्दच दोन तऱ्हांनी छापलेला आहे. 1755 मध्ये सॅम्युअल जॉन्सनचा मोठा कोश आला आणि अठराव्या शतकात स्पेलिंग ही शिक्षणाची, पुढे कुळाची खूण बनली. चेस्टरफील्ड यांचे पत्र याच वातावरणातले.

आज सर्वाधिक खटकणारी चूक, मालकी दाखवणाऱ्या 'इट्स'मध्ये ॲपॉस्ट्रॉफी घालण्याची, तीही तेव्हा चूक नव्हती. हा शब्दच 1600 च्या आसपासचा, आणि अठराव्या शतकातही शिकलेली माणसे त्यात ॲपॉस्ट्रॉफी सर्रास घालत. मी स्वतः ती चूक दिसली की दुरुस्त करतो. आज त्या चिन्हाने 'इट इज' असा अर्थ लागतो आणि वाचणारा क्षणभर अडखळतो, त्याला अडखळू न देणे मला महत्त्वाचे वाटते. लिहिणाऱ्याच्या अकलेबद्दल मात्र त्यावरून काही कळत नाही.

'डेफिनिट्‌ली' आणि 'सेपरेट' यांचे दुखणे वेगळे. त्यांतला मधला स्वर बोलताना इतका आखडतो, की कान काही सांगू शकत नाही. अशा वेळी शब्दाचे कूळ उपयोगी पडते. 'डेफिनिट्‌ली'च्या पोटात 'फायनाइट' आहे हे एकदा दिसले, की तिथे ए लिहायला हात धजत नाही.

सुधारणेचे प्रयत्न झाले. कोशकार नोआ वेब्स्टरमुळे अमेरिकेत 'कलर'मधला यू गेला, पण 'टंग', म्हणजे जीभ, टी-यू-एन-जी असे लिहायला कुणी तयार झाले नाही. 1906 मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी छापखान्याला 300 शब्दांची सोपी स्पेलिंगे वापरायचा आदेश दिला. काँग्रेसने विरोध केला आणि त्याच वर्षी तो मागे घ्यावा लागला.

आणि चुका पक्क्या होणे अजून थांबलेले नाही. वेबपानावरून दुसऱ्या पानावर जाताना ब्राउझर 'आधीचे पान कुठले' हे एका ओळीत कळवू शकतो. त्या ओळीचे नाव 'रेफरर'. मे 1996 च्या तांत्रिक दस्तऐवजात त्यातला एक आर गळलेला होता. तोवर असंख्य प्रोग्राम त्याच नावावर चालू लागले होते. 2022 च्या सुधारित दस्तऐवजातही ते नाव तसेच, एका आरने कमी आहे.