पार्श्वभूमी : प्रवाळाच्या सांगाड्यातून जुनं हवामान कसं वाचता येऊ लागलं

१६७५ साली, रायगडावरच्या राज्याभिषेकाला जेमतेम वर्ष झालेलं असताना, सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यालगतचा समुद्र नेहमीपेक्षा फारच गार पडला होता. हिंदी महासागराची पूर्व बाजू गार आणि पश्चिम बाजू उबदार, अशी ती स्थिती. आज तिला 'इंडियन ओशन डायपोल'ची धन अवस्था म्हणतात आणि मान्सूनचा अंदाज देताना हवामान खातं एल निनोच्या जोडीने तिचाही उल्लेख करतं. त्या काळी तिथे तापमान मोजणारं कोणीच नव्हतं. जहाजांवरून समुद्राच्या तापमानाच्या नोंदी एका पद्धतीने घ्यायच्या, हे ठरलं तेच मुळी १८५३ च्या ब्रुसेल्स परिषदेत. १६७५ ची ही बातमी आपल्यापर्यंत पोचली ती प्रवाळांच्या सांगाड्यांतून, आणि तीही २०२० मध्ये.

प्रवाळ म्हणजे लहान लहान प्राण्यांची वसाहत. समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन हे प्राणी आपल्या बुडाखाली चुनखडीचा सांगाडा रचतात आणि त्यावर वर वर सरकत जातात. जिवंत थर असतो वरच्या काही मिलिमीटरपुरता. खाली उरतो तो आधीच्या वर्षांचा दगड. पोराइट्स जातीचे घुमटासारखे प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. म्हणजे तीन मीटर उंचीच्या घुमटात तीनशे वर्षं सापडू शकतात. हे आज इतक्या सहज सांगता येतं, पण ते सिद्ध व्हायला विसावं शतक बरंच उलटावं लागलं.

१९३० च्या दशकात मा तिंगयिंग या चिनी पुराजीवशास्त्रज्ञाने प्रवाळांच्या वाढीतला ऋतूंचा फरक हेरला आणि वाढीचा वेग समुद्राच्या तापमानाशी जोडून दाखवला. काळाच्या बराच पुढचा हा विचार होता आणि त्याचं श्रेय त्यांना क्वचितच मिळतं. १९६३ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाचे जॉन वेल्स यांनी डेव्होनियन काळातल्या, म्हणजे सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या, प्रवाळांच्या जीवाश्मांवरच्या बारीक रेषा मोजल्या. एका वर्षाच्या वाढीत सुमारे ४०० रेषा भरल्या. रेष रोज एक पडत असेल, तर तेव्हा वर्षात ४०० दिवस होते. म्हणजेच पृथ्वी आजच्यापेक्षा जलद फिरत होती आणि दिवस सुमारे २२ तासांचा होता. भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वीची गती मंदावत जाते, हे खगोलशास्त्रज्ञांचं गणित होतं आणि त्याच्याशी हा आकडा जुळला. प्रवाळ काळ मोजतो, याबद्दलची शंका त्यानंतर बरीच कमी झाली. तरी जिवंत प्रवाळाच्या पोटात नेमकं वर्ष कुठून कुठपर्यंत, हे दाखवणारा पुरावा हवा होता.

तो मिळाला मार्शल बेटांपैकी एनेवेटाक या कंकणद्वीपावर, आणि तो कसा मिळाला हे सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. अमेरिकेने डिसेंबर १९४७ मध्ये इथल्या रहिवाशांना उजेलांग बेटावर हलवलं आणि १९४८ ते १९५८ या काळात एनेवेटाकवर ४३ अणुचाचण्या केल्या. १ नोव्हेंबर १९५२ च्या पहिल्या हायड्रोजन स्फोटात एलुगेलाब नावाचं आख्खं बेट नाहीसं झालं. स्फोटांतून पडलेलं किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम-९० पाण्यात उतरलं. रासायनिकदृष्ट्या स्ट्रॉन्शियम कॅल्शियमचं भावंड, त्यामुळे प्रवाळांनी ते कॅल्शियमबरोबर सांगाड्यात ओढून घेतलं. चाचण्यांच्या प्रत्येक हंगामाची खूण दगडात बसली.

डेव्हिड नट्सन, रॉबर्ट बडेमायर आणि स्टीफन स्मिथ यांनी या प्रवाळांचे पातळ काप घेतले. काप फिल्मवर ठेवले, तेव्हा किरणोत्साराने फिल्मवर आपोआप काळे पट्टे उमटले. कोणता पट्टा कोणत्या चाचण्यांचा, हे ठाऊक होतं. मग त्याच कापांचे एक्स-रे काढले. त्यांत दाट आणि विरळ चुनखडीचे पट्टे एकाआड एक दिसत होते. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून मोजल्यावर हिशेब लागला : एक दाट आणि एक विरळ, अशी जोडी म्हणजे एक वर्ष. हा निबंध १९७२ मध्ये 'सायन्स'मध्ये छापून आला. एनेवेटाकच्या लोकांना परत येता आलं ते १९८० मध्ये, आणि रुनित बेटावर काँक्रीटच्या घुमटाखाली पुरलेला किरणोत्सारी कचरा आजही तिथेच आहे. प्रवाळातून काढलेलं हवामानाचं वेळापत्रक मी जेव्हा वाचतो, तेव्हा ते कोणाच्या बेटावर जुळवलं गेलं हे त्याच वाक्यात सांगायला हवं, असं मला वाटतं.

वर्ष कळलं, तरी तापमान कळायचं बाकी होतं. त्याचा पाया हॅरोल्ड युरी यांनी १९४७ मध्ये घातला होता. ऑक्सिजनचे हलके आणि जड अणू चुनखडीत कोणत्या प्रमाणात बसतात, हे पाण्याच्या तापमानावर ठरतं. पाणी गरम असेल तर जड ऑक्सिजन-१८ कमी, गार असेल तर जास्त. शिंपल्यांवर ही युक्ती चालली, प्रवाळांवर मात्र चालेना. त्यांचे आकडे रासायनिक समतोलाला सोडून येत, कारण प्रवाळ जिवंत आहे आणि त्याच्या पेशींत राहणारी शैवालंही जिवंत आहेत. दोघांच्या शरीरक्रियेची भेसळ होते. १९७२ मध्येच वेबर आणि वुडहेड यांनी अनेक ठिकाणचे प्रवाळ तपासून दाखवलं की ही चूक एकाच प्रजातीत बऱ्यापैकी ठरावीक असते. ठरावीक चूक वजा करता येते. तेव्हापासूनचा ढोबळ नियम असा : तापमान एक अंशाने वाढलं की ऑक्सिजन-१८ चं प्रमाण हजारात ०.२ ने घटतं.

हा फरक फार सूक्ष्म आहे, म्हणून नमुना घेण्याचं काम जपून करावं लागतं. पाणबुडे घुमटाच्या माथ्यावर पोकळ ड्रिल लावून जाड उसाच्या कांड्यासारखा गाभा काढतात आणि मागे राहिलेलं भोक सिमेंटने बुजवतात, म्हणजे प्रवाळ त्यावरून पुन्हा वाढू शकतो. गाभा उभा चिरून त्याची काही मिलिमीटर जाडीची पाटी करतात. एक्स-रेवर वाढीचा मुख्य अक्ष शोधायचा आणि त्या अक्षावरून दंतवैद्याच्या ड्रिलसारख्या सुईने मिलिमीटर-मिलिमीटरवर भुकटी खरवडायची. एका वर्षातून दहा-बारा नमुने निघाले, तर जवळपास महिन्याची नोंद हाती येते. भुकटीवर फॉस्फोरिक आम्ल टाकलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि तो मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे हलक्या-जड अणूंचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्रात, जातो. अक्ष चुकला आणि सुई तिरप्या वाढीवर गेली, तर महिने एकमेकांत मिसळतात.

ऑक्सिजनची एक अडचण राहतेच. पावसाचं पाणी समुद्रात मिसळलं तरी प्रमाण बदलतं, त्यामुळे ऊन आणि पाऊस एकाच आकड्यात येतात. १९९२ मध्ये वॉरेन बेक आणि सहकाऱ्यांनी स्ट्रॉन्शियम आणि कॅल्शियमचं गुणोत्तर अतिशय अचूक मोजून निव्वळ तापमानाचा दुसरा मार्ग पक्का केला. त्याआधी, १९८४ मध्ये, पीटर इस्डेल यांनी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफमधले किनाऱ्याजवळचे प्रवाळ अतिनील दिव्याखाली धरले होते. त्यांत चमकणारे पट्टे दिसले : बर्डेकिन नदीच्या पुरांबरोबर जमिनीवरून वाहून आलेल्या सेंद्रिय द्रव्याचे.

आपल्याकडे हे काम अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत उभं राहिलं. सुप्रियो चक्रवर्ती आणि आर. रमेश यांनी १९९३ मध्ये दाखवलं की नैर्ऋत्य मान्सून सुरू झाल्यावर अरबी समुद्राचा पृष्ठभाग गार होतो, ती घट लक्षद्वीपच्या प्रवाळांत उमटते. चक्रवर्ती पुढे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत काम करत होते. पण मला सर्वात महत्त्वाचं वाटतं ते त्यांनी रमेश आणि एस. कृष्णस्वामी यांच्याबरोबर १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेलं काम. त्यात दोनच साक्षीदार आहेत : कच्छच्या आखातातला चाळीस वर्षांचा एक प्रवाळ आणि ठाण्याचा एक साग. बॉम्बचाचण्यांनी हवेत सोडलेला किरणोत्सारी कार्बन-१४ सागाने पानांवाटे हवेतून घेतला, प्रवाळाने समुद्राच्या पाण्यातून. सागाच्या खोडातल्या वार्षिक वलयांत त्याचं शिखर १९६४ सालात आहे. हवेत इतका होता आणि पाण्यात इतकाच पोचला, या तफावतीवरून कच्छच्या आखातात हवा आणि समुद्र यांच्यात वर्षाला चौरस मीटरमागे ११ ते १२ मोल, म्हणजे साधारण अर्धा किलो कार्बन डायऑक्साइडची देवाणघेवाण होते, असं निघालं. एनेवेटाकवर ज्या चाचण्यांनी प्रवाळाचं वर्ष ओळखता आलं, तशाच चाचण्यांची राख इथे समुद्राचा श्वास मोजायला उपयोगी पडली.

जिवंत प्रवाळ आपल्याला काही शतकंच मागे नेतो. त्याच्याही मागे जायचं तर मेलेला प्रवाळ हवा आणि त्याचं वय नक्की हवं. प्रवाळ पाण्यातून युरेनियम घेतो, थोरियम मात्र पाण्यात जवळपास विरघळतच नसल्याने सुरुवातीला सांगाड्यात नसतं. जे पुढे साठतं ते युरेनियमच्या क्षयातून. १९८७ मध्ये लॅरी एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांनी हे मोजमाप मास स्पेक्ट्रोमीटरवर आणलं आणि वयातली चूक एकदम कमी झाली. त्यामुळे २००३ मध्ये किम कॉब यांना पॅसिफिकमधल्या पामायरा बेटावर वादळांनी किनाऱ्यावर फेकलेले प्रवाळ जुळवून गेल्या हजारेक वर्षांतल्या एल निनोचे तुकडे वाचता आले. सतराव्या शतकात एल निनो फार जोरात होता, असं त्यांतून दिसलं.

सुमात्रालगत हेच काम नेरिली एब्रॅम यांच्या गटाने केलं. १२४० ते २०१९ या काळातल्या सुमारे पाचशे वर्षांच्या नोंदी त्यांच्या हाती आल्या. त्यांत डायपोलच्या अतितीव्र धन घटना फक्त दहा निघाल्या. सर्वात जोरदार १६७५ ची. पण दहापैकी चार गेल्या साठ वर्षांतल्या आहेत. यंत्रांच्या नोंदींवर विसंबलं असतं, तर १९९७ ची घटना हीच कमाल मर्यादा समजली गेली असती. समुद्र त्याहून पुढे गेलेला आहे, आणि तेही माणसाने हवा तापवण्याआधी. कोकणातल्या पुरापासून पूर्व आफ्रिकेतल्या पावसापर्यंत कशाचंही नियोजन करताना हा आकडा टेबलावर असायला हवा.

तापलेलं पाणी प्रवाळातली शैवालं हाकलतं आणि प्रवाळ पांढरे पडतात. लक्षद्वीपमध्ये हे १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये मोठ्या प्रमाणावर झालं, २०२४ मध्ये पुन्हा झालं. मेलेल्या प्रवाळात त्या दिवसापर्यंतची नोंद राहते, पण सच्छिद्र दगड किडे आणि स्पंज पोखरतात आणि पुढची वर्षं तर लिहिलीच जात नाहीत. अरबी समुद्रातल्या मान्सूनची प्रवाळांवरची नोंद पॅसिफिकच्या मानाने फारच तोकडी आहे. लक्षद्वीपचे उरलेले मोठे पोराइट्स शोधून, परवानग्या काढून, त्यांचे गाभे जपून ठेवण्याचं काम पुढच्या मोठ्या उष्म्याआधी व्हायला हवं.