कोंडी व्हायच्या आधीच : नेटवर्कमधल्या गर्दी-नियंत्रणाची पार्श्वभूमी

जळगाव-धुळ्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत टीसीपी (इंटरनेटवर डेटा पोहोचवायचे नियम) शिकवताना एक वाक्य हमखास येतं : पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) हरवलं की पाठवणाऱ्याने वेग कमी करायचा. परीक्षेपुरतं ते पुरतं. पण गेल्या दहा-बारा वर्षांत डेटा सेंटरच्या नेटवर्कवर झालेल्या बऱ्याच संशोधनाचा रोख याच वाक्यावर आहे. पॅकेट हरवेपर्यंत थांबायचंच कशाला? यालाच ‘प्रोॲक्टिव्ह कंजेशन कंट्रोल’, म्हणजे आगाऊ गर्दी-नियंत्रण म्हणतात. नाव नवं असलं तरी विचार चांगलाच जुना आहे. (निकालाच्या दिवशी साइट उघडत नाही, ती गर्दी बहुतेक वेळा सर्व्हरची असते. इथे विषय वाटेतल्या गर्दीचा आहे.)

नेटवर्कतज्ज्ञ जॉन नेगल यांनी 1984 मध्येच इशारा दिला होता. पॅकेट उशिरा पोहोचतं, पाठवणारा ते हरवलं असं समजून पुन्हा पाठवतो आणि गर्दी आणखी वाढते. ऑक्टोबर 1986 मध्ये नेमकं तेच झालं. अमेरिकेतली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यात अंतर जेमतेम चारशे यार्ड. तिथला वेग सेकंदाला 32 हजार बिटांवरून 40 बिटांवर आला. पायी चालत जाऊन कागद देणं परवडलं असतं. व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरल्स यांनी यावर काढलेला तोडगा 1988 मध्ये प्रसिद्ध झाला : हळूहळू वेग वाढवत जा, पॅकेट हरवलं की झटकन मागे या. आजचं टीसीपी याच पायावर उभं आहे.

गंमत म्हणजे त्याच वर्षी, त्याच परिषदेत दुसरा एक निबंध होता. डीईसी या संगणक कंपनीतले के. के. रामकृष्णन आणि राज जैन यांचं म्हणणं असं, की वाटेतल्या राऊटरपाशी पॅकेटांची रांग वाढायला लागली की त्या राऊटरनेच पॅकेटच्या शीर्षकात (पत्ता वगैरे असलेल्या सुरुवातीच्या भागात) खूण म्हणून एक बिट लावून द्यावा. सरासरी रांग एका पॅकेटपर्यंत गेली की बिट लागणार; निम्म्या किंवा जास्त पॅकेटांवर तो दिसला, तर पाठवणारा आपली खिडकी (उत्तराची वाट न बघता एका वेळी किती पाठवायचं ती मर्यादा) 0.875 पटीवर आणणार. पॅकेट गळायची वाट बघायचीच नाही.

तरीही पहिला मार्ग जिंकला. माझ्या मते कारण अगदी व्यवहारी होतं : जेकबसन यांच्या उपायासाठी फक्त दोन टोकांच्या संगणकांतलं सॉफ्टवेअर बदलावं लागत होतं, मधल्या राऊटरांना हात लावायची गरज नव्हती. रामकृष्णन-जैन यांचा बिट पुढे ‘ईसीएन’ या नावाने इंटरनेटच्या मानकात आला, पण तोवर 2001 उजाडलं होतं.

मधल्या काळात 1994 च्या टीसीपी व्हेगास या आवृत्तीने राऊटरच्या मदतीशिवाय हेच करून पाहिलं. उत्तर यायला वेळ लागायला लागला, की गर्दी जमतेय असं समजून तो आधीच हात आखडता घ्यायचा. अडचण अशी की शेजारी जुन्या पद्धतीचा टीसीपी असला, तर तो बफर (राऊटरमधली पॅकेटांच्या रांगेची जागा) गच्च भरेपर्यंत रेटत राहायचा आणि मोकळी झालेली जागाही बळकावायचा. सज्जनाच्या वाट्याला उरलंसुरलं.

बफर भरत गेला की काय होतं, ते घरबसल्या बघता येतं. संगणकाच्या पडद्यावर पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) चालू ठेवा आणि मोबाइलवरून लग्नाचे व्हिडिओ अपलोडला लावा. बऱ्याच घरगुती जोडण्यांवर वीस-तीस मिलिसेकंदांचा आकडा काही शेकड्यांत जातो, अपलोड संपलं की पुन्हा खाली येतो. बफर पूर्ण भरेपर्यंत एकही पॅकेट गळत नाही, म्हणून तोवर पाठवणाऱ्याला वाटतं सगळं आलबेल आहे. तिकडे पुण्यातल्या पोराशी चाललेला व्हिडिओ कॉल मात्र तुटक होतो. जिम गेटिस यांनी 2010 च्या सुमारास याला ‘बफरब्लोट’ म्हणून गाजवलं.

डेटा सेंटरमध्ये प्रश्न वेगळाच झाला. सेकंदाला 100 गिगाबिटच्या तारेवर 1500 बाइटांचं पॅकेट 120 नॅनोसेकंदांत निघून जातं. उत्तर येऊन पोहोचायला 20 मायक्रोसेकंद लागत असतील, तर तेवढ्यात अडीच लाख बाइट रवाना झालेले असतात. म्हणजे त्याहून लहान निरोपांचं काम पहिली सूचना यायच्या आतच आटोपतं. चाचपडत वेग शोधायला सवडच नाही. 2015 मध्ये लावण्या जोस आणि सहकाऱ्यांनी स्पष्टच मांडलं : कोणते प्रवाह कोणत्या तारेवर आहेत हे माहीत असेल, तर प्रत्येकाचा वाटा आधीच हिशेबाने ठरवा.

साक्री भागात पांझरा नदीवरची फड पद्धत (बंधाऱ्याचं पाणी शेतांच्या गटांना, म्हणजे फडांना, वाटून द्यायची जुनी रीत) ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे समजवावं लागणार नाही. नदीला पाणी किती आहे ते बघून कोणते फड भिजवायचे हे पंच ठरवतात, आणि पाटकरी त्याप्रमाणे पाणी सोडतो. पाट फुटेपर्यंत कुणी वाट बघत नाही. पण बंधारा एक आणि पंचमंडळ एक, म्हणून ते चालतं. डेटा सेंटरचंही तसंच : सगळे स्विच (तारा जोडून पॅकेटं पुढे पाठवणारी यंत्रं), सगळे सर्व्हर एकाच मालकाचे. इंटरनेटला असे पंच नाहीत.

डेटा सेंटरसाठीच्या अशा आगाऊ पद्धतींपैकी 2017 चं एक्सप्रेसपास ही मला सर्वांत आवडलेली युक्ती. इथे पाठवणारा आपणहून काही पाठवत नाही. घेणारा 84 बाइटांचं छोटं परवानगी-पॅकेट पाठवतो. एका परवानगीवर एकच मोठं पॅकेट निघतं. स्विच या परवानग्यांना तारेच्या क्षमतेच्या सुमारे पाच टक्क्यांवर अडवून धरतो, म्हणजे उलट दिशेने येणारा माल तारेत मावेल एवढाच राहतो. गर्दी झालीच तर परवानग्या गळतात, माल गळत नाही. कल्पनेची मुळं 1990 च्या दशकात एटीएम नेटवर्कसाठी (बँकेचं एटीएम नव्हे, तेव्हाचं एक नेटवर्क तंत्र) एच. टी. कुंग यांनी लावून धरलेल्या क्रेडिट, म्हणजे आगाऊ परवानगीच्या पद्धतीत सापडतात. 1994 मध्ये त्या तंत्राचे नियम ठरवणाऱ्या एटीएम फोरमने ती बाजूला सारून वेग ठरवून देण्याची पद्धत निवडली होती.

आगाऊ परवानगीला किंमतही आहे : पहिली परवानगी येईपर्यंत एक फेरी फुकट जाते. म्हणून 2018 च्या होमा या पद्धतीमध्ये निरोपाचा सुरुवातीचा भाग विनापरवाना सोडला जातो आणि उरलेल्यासाठीच परवानगी लागते. खुल्या इंटरनेटवर मात्र अजून सूचनेवरच भर आहे. जानेवारी 2023 मध्ये आलेल्या एलफोरएस या, उशीर कमी ठेवण्यासाठीच्या आराखड्यात राऊटर रांग अगदी लहान असतानाच खूण करतो, आणि त्यासाठी ईसीएनचेच दोन बिट वापरतो.